डॅमेज विभागातील खंडूच्या दाढेबाबत

अर्जदार :
धर्मराज येसू गायकर,
कटिंग मास्टर,
रा. बदलापूर गाव, ता. अंबरनाथ.
दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. श्रम सुविधा अधिकारी,
उल्हास खोरे विभागीय श्रम सुविधा कार्यालय,
उल्हासनगर.

विषय : श्वान नामे खंडू, नेमणूक जीन्स कारखाना (डॅमेज विभाग), यास वरची उजवी दाढ काढून घेण्यासाठी रजा मिळणेबाबत. (अर्ज दुसरा)

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, जो आपल्या कार्यालयात हसत हसत स्वीकारण्यात आला.
२) त्यास आपल्या कार्यालयाने दिलेले लेखी उत्तर, जे वाचून मला हसू आले नाही.

महोदय,

विषय वाचून आपल्या चेहऱ्यावर काय उमटले असेल, याची मला कल्पना आहे. आवक विभागातील बाईंच्या चेहऱ्यावरही तेच उमटले होते. त्यांनी शेजारच्या टेबलावरील साहेबांना बोलावून विषय मोठ्याने वाचून दाखवला आणि मगच शिक्का मारला. माझी त्याबद्दल तक्रार नाही. सरकारी कार्यालयात कोणी हसले तर मला बरेच वाटते. परंतु ज्याची दाढ दुखते त्याला हसता येत नाही, म्हणून हा दुसरा अर्ज सादर करीत आहे.

१. मी उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील जितेश सेठ यांच्या जीन्स कारखान्यात बरीच वर्षे कटिंग मास्टर आहे. खंडू हा माझा कुत्रा. माझी थोरली बहीण राजाबाई बारवीकडच्या पाड्यावर दिलेली आहे. तिच्या घरचे हे पिल्लू. माझी पत्नी सौ. सुषमा अंगणवाडीत जाते, घरी दिवसभर कोणी नसते, आणि एकटे ठेवले की खंडू इतका रडायचा की खालच्या मजल्यावरचे लोक आमच्या घरी कोण गेले म्हणून विचारायला यायचे. सबब मी त्याला स्कूटरवर पुढे उभा करून कारखान्यात नेऊ लागलो. यात कोणताही गैरहेतू नव्हता.

२. आपल्या माहितीसाठी धंद्याची थोडी हकीकत देणे भाग आहे. हल्ली फाटकी जीन्स धडक्या जीन्सपेक्षा महाग जाते. असे का, हे मला एवढी वर्षे कापड कापूनही कळलेले नाही. माझी आई असती तर तिने एकेक घेऊन शिवून, घडी करून परत पाठवली असती. असो. नवी कोरी जीन्स जागोजाग फाडण्याच्या कामाला आमच्याकडे ‘डॅमेज’ म्हणतात आणि ते ग्राइंडर, ब्लेड व पॉलिश पेपरने होते. खंडू लहान असताना त्याचे दुधाचे दात पडून नवे येत होते, हिरड्या शिवशिवत होत्या, तेव्हा एका दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना त्याने तयार मालाच्या गठ्ठ्यावर बसून आपल्या हिरड्यांची सोय करून घेतली. सेठ आले, बघितले, आणि कपाळाला हात लावून म्हणाले, “मास्टर, ये किसके खाते में डालूं?” मी मान खाली घातली.

एवढ्यात इंदूरचे एक व्यापारी जिना चढून वर आले. त्यांनी त्यातली एक जीन्स उचलली, उजेडात धरली, मांडीवरचे भोक बोटाने चाचपले आणि विचारले, “ये कौन सी मशीन का काम है? मुझे पूरा माल ऐसा चाहिए.” जितेश सेठ हे जातिवंत व्यापारी आहेत. त्यांनी टेबलाखाली खंडूकडे एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, “नई मंगवाई है.” तेव्हापासून खंडू नोकरीत आहे.

३. हे काम मशीनला जमत नाही, हे मी कटिंग मास्टर म्हणून जबाबदारीने नमूद करतो. ग्राइंडरची भोके सगळी एकसारखी येतात. खंडू एका ठिकाणी नुसते कुरतडतो, दुसऱ्या ठिकाणी ओढतो, तिसऱ्या ठिकाणी त्याला कंटाळा येतो. गिऱ्हाइकाला तो कंटाळाच आवडतो असे सेठ सांगतात. मध्यंतरी सेठनी फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी दातांचा एक चिमटा करून घेतला होता. त्याचा नमुना इंदूरला पाठवला. तिकडून निरोप आला, “इसमें दिल नहीं है.” तो चिमटा सध्या दरवाजाला अडसर म्हणून वापरात आहे.

खंडूच्या कामाचा सेठना मान आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. त्याला पंख्याखालची जागा आहे. सकाळी सेठ स्वतःच्या नाश्त्यातील दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेली पुरी, त्याच्यापुढे ठेवतात. यंदा दसऱ्याला सर्व शिलाई मशीन, ग्राइंडर व इस्त्री यांना हळदकुंकू वाहून झेंडूच्या माळा घातल्या, तेव्हा रांगेच्या शेवटी खंडूलाही बसवून माळ घातली व कपाळाला कुंकू लावले. तो पूजा होईपर्यंत हलला नाही. माळ मात्र त्याने नंतर खाल्ली, आणि तीही एकाच बाजूने. त्याचे कारण पुढे येते.

४. आता मूळ दुखण्याकडे वळतो. जीन्सचे कापड म्हणजे दातांना काथ्याच. रोज चावून दात झिजतात, त्यात पितळी रिवेट, बटण आणि चेन. गणपतीच्या सुमारास खंडूच्या तोंडाला वास येऊ लागला. स्कूटरवर तो पुढे उभा असल्याने हे सर्वांत आधी मला समजले. मग लाळ गळू लागली. एके सकाळी सेठनी पकवान ठेवले, तर त्याने नुसती डाळ चाटली आणि पकवान तसेच ठेवून भिंतीकडे तोंड करून बसला. सेठ म्हणाले, “नखरे करता है.” मी घरी आल्यावर त्याचा ओठ वर करून बघितला. दातांवर पिवळट-तपकिरी खपली, हिरड्या लालभडक, आणि मागची मोठी दाढ तडकलेली.

यावर सल्ल्यांची कमतरता पडली नाही. राजाबाईचा फोन आला, “त्याला वाईच मशेरी लाव, दाढ गप बसंल.” तंबाखूची भुकटी कुत्र्याच्या हिरड्यांना लावण्याची सूचना मी बहिणीचा मान ठेवून नाकारली. शेजाऱ्यांनी लवंगेचे तेल आणून दिले. ते खंडूने चाटले नाही, तेव्हा त्याला चाटून दाखवा म्हणून मलाच पाजायचा प्रयत्न झाला. शेवटी डोळ्याखाली सूज आली तेव्हा मी अंबरनाथच्या पशुवैद्यक डॉ. नेत्रा यांच्याकडे त्याला नेले. त्यांनी सांगितले की वरच्या मोठ्या दाढेचे मूळ डोळ्याखालीच असते, तिथे पू झाला आहे, भूल देऊन दाढ काढावी लागेल, बाकीचे दात त्याच वेळी साफ करता येतील. त्यानंतर कडक वस्तू चावणे बंद. “दुखत असूनही कुत्री जेवतात, कामही करतात हो, म्हणून लोकांना उशिरा कळतं,” असे त्या म्हणाल्या. पुढची काळजी म्हणून रोज ब्रश करण्यास सांगितले. माणसांची पेस्ट चालत नाही, कारण कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो सगळी गिळतो. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते. ती चिकनच्या चवीची आहे. आमच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात. सबब त्या दिवशी ती नळी सज्जात कुंडीमागे राहते आणि खंडूचे दात सज्जातच घासले जातात. बघायला समोरच्या इमारतीतील लोक चहा घेऊन येतात. तरीही मी घासतो.

५. मग दाढ काढली का नाही, असा प्रश्न आपणास पडेल. भूल द्यायची तर मालकाची सही लागते, आणि खंडूच्या परवान्यावर मालक म्हणून सेठचे नाव आहे. मी भाच्याच्या लग्नाला गेलो असताना सेठनी चांगुलपणानेच, कुत्र्याला कोणी उचलून नेऊ नये म्हणून, कारखान्याच्या पत्त्यावर परवाना काढून घेतला. त्या वेळी मी त्यांचे आभार मानले होते.

सही करायला सेठची ना नाही. फक्त तारीख ठरत नाही. ते प्रथम म्हणाले, “मास्टर, नवरात्री का माल निकलने दो.” नंतर म्हणाले, “दिवाली निकल जाए, फिर दाढ निकालो.” आता लग्नसराई आहे. त्यापुढे नाताळ, संक्रांत, होळी, ईद आणि सेठचा नववर्षाचा चेटीचंड आहे. आपल्या देशात सण नसलेला आठवडा शोधून दाढ काढायची म्हटले, तर खंडूचे आयुष्य पुरणार नाही. सेठ दुष्ट नाहीत. मध्ये धंदा बसला होता, निम्मी मशीन झाकून ठेवली होती, आणि खंडूच्या मालावर ती उघडली, हे मी डोळ्यांनी बघितले आहे. म्हणून मलाही त्यांच्यापुढे फार जोरात बोलता येत नाही. आणि त्यांना न विचारता कुत्रा नेला तर नोकरी जाईल, हेही मला दिसते.

६. अशा परिस्थितीत मी सरकारदरबारी आलो. पशुसंवर्धनाच्या एका कार्यालयात गेलो असता “जनावर कामाला आहे ना? मग कामगारवाल्यांकडे जा,” असे सांगण्यात आले. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या एका गृहस्थांना मी दसऱ्याची हकीकत सांगून विचारले की पूजा मशीन म्हणून झाली असल्याने खंडूची दुरुस्ती मालकाकडे लागते का. त्यांनी मला पाणी दिले. आपल्या कार्यालयाच्या दारात पहारेकऱ्याने कुत्रा बाहेर बांधून आत जा म्हणून सांगितले. मी त्यास नम्रपणे कळवले की माझे नाव धर्मराज आहे, आणि कुत्र्याला दाराबाहेर ठेवून आत जाण्याची पद्धत आमच्या नावात बसत नाही. तो हसला आणि त्याने दोघांनाही सोडले. आपल्या कार्यालयातील तो माझा सर्वांत चांगला अनुभव आहे.

७. त्यानंतर आपले लेखी उत्तर आले. त्यात दोन मुद्दे होते. पहिला, श्वान हा कामगार या संज्ञेत येत नाही. दुसरा, “इजा झालेला दात मानवी असल्याचा व ती इजा आस्थापनेचे काम करताना झाल्याचा वैद्यकीय दाखला जोडल्यास प्रकरणाचा विचार करता येईल.” हे वाक्य कोणी लिहिले मला ठाऊक नाही. बहुधा छापील असावे. मी ते सुषमाला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मग आता काय, तुमचा दात देताय का त्यांना?” ती हे रागाने म्हणाली होती, हे लक्षात घ्यावे.

८. तोपर्यंत खंडूची सूज वाढली होती. तरी सकाळी स्कूटरची किल्ली वाजली की तो दाराशी उभा. कारखान्यात गेला की गठ्ठ्यावर बसून जीन्स तोंडात धरायचा, थोडे ओढायचा, थांबायचा, आणि माझ्याकडे बघायचा. मला ते बघवेना. शेवटी मी सेठना सांगितले की खंडूचे काम घरी चांगले होते, शांतता असते, माल घरी न्यायची परवानगी द्या. त्यांनी लगेच दिली. गठ्ठा स्कूटरला बांधून मी घरी आणला, दार लावले, आणि खंडूच्या ऐवजी मी स्वतः जीन्स चावायला बसलो.

हे वाक्य मी पुन्हा लिहीत नाही. आपण हवे तर पुन्हा वाचावे.

आधी ब्लेडने बारीक चीर द्यायची आणि मग दातांनी धागे ओढायचे, अशी मी पद्धत बसवली. सुषमा प्रथम शेजारी काय म्हणतील म्हणून खिडक्या लावायची. पुढे पुढे मालिका बघता बघता तिनेही गुडघ्याची भोके करायला घेतली. तिचा हात, म्हणजे तोंड, माझ्यापेक्षा नाजूक आहे. माझी मुलगी अक्षदा कॉलेजातून आली आणि आम्हा दोघांना तशा स्थितीत बघून आपल्या खोलीत गेली. तिने पैसे साठवून तसलीच एक जीन्स विकत घेतली होती, हे नंतर समजले. खंडू मात्र समोर पाय पसरून बसायचा आणि आमच्या कामावर लक्ष ठेवायचा. मी फारच सरळ फाडले की उठून दुसरे टोक धरायला यायचा. त्याला मागे बसवावे लागे.

माल इंदूरला गेला. आम्ही धास्तावलो होतो. उत्तर आले की या खेपेचे काम आधीपेक्षा सरस आहे, याच मशीनवर पुढेही करून घ्यावे. सेठनी खंडूला पेढा भरवला. त्याने तो डाव्या बाजूने खाल्ला. मी तिथेच होतो, आणि पुढचा गठ्ठा स्कूटरला बांधायला घेतला.

९. गेल्या बुधवारी संध्याकाळी पुढच्या छोट्या खिशाजवळ काम करीत असताना पितळी रिवेट माझ्या उजव्या दाढेखाली आला आणि दाढेचा निम्मा भाग तुटून हातात पडला. हे मी मुद्दाम केले नाही. तसा संशय आपणास आल्यास सुषमाला विचारावे. मी काय ओरडलो ते तिने ऐकले आहे आणि खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकले आहे. बदलापुरातील दंतवैद्यांनी विचारले, कशाने तुटली? मी म्हणालो, जीन्सने. त्यांनी पेन खाली ठेवले, माझ्याकडे बघितले, पुन्हा उचलले आणि दाखल्यावर “कामाच्या स्वरूपामुळे” असे लिहिले. मी त्यांचा आयुष्यभर ऋणी राहीन.

सबब आपल्या पत्रातील दुसऱ्या मुद्द्याची पूर्तता झाली आहे. दात मानवी आहे. इजा आस्थापनेचे काम करताना झाली आहे. दाखला जोडला आहे.

१०. परंतु महोदय, या दाढेबद्दल माझी काहीही मागणी नाही. मला भरपाई नको. एवढेच सांगायचे आहे की त्या रात्री मी पहिल्यांदा खरी दाढदुखी बघितली. डोक्यापर्यंत कळ जाते, पाणी पिववत नाही, उशीवर गाल टेकवत नाही. मी कण्हलो तर सुषमाने मऊ भात केला. अक्षदाने गोळी आणून दिली. जितेश सेठनी स्वतः फोन करून सांगितले, “मास्टर, आराम करो, धंदा तो चलता रहेगा.” मी नुसते “दुखतंय” म्हणालो आणि सगळे धावले. खंडू हेच दुखणे गणपतीपासून घेऊन फिरतो आहे, रोज शेपूट हलवत कामावर येतो आहे, आणि त्याला “दुखतंय” एवढा शब्द म्हणता येत नाही म्हणून सगळे सणांची वाट बघत आहेत. मला याची लाज वाटते. फार वाटते.

तरी विनंती अशी की कामावर जखमी झालेला मानवी कामगार म्हणून नियमाने मला जी काही वैद्यकीय रजा देय असेल, ती सर्व माझ्या नावावरून काढून खंडूच्या नावे वर्ग करण्यात यावी, आणि तसे आपल्या शिक्क्यानिशी जितेश सेठना कळवावे. सेठ देवाला आणि शिक्क्याला मानतात. शिक्का बघितल्यावर ते सही करतील, आणि मनातून त्यांनाही बरे वाटेल. खंडू रजेवर असताना मी पूर्ण वेळ कटिंगला हजर राहीन, आणि माझी दाढ लग्नसराईनंतर बघू. मला थांबता येते.

असा नियम नाही, असे आपले कार्यालय कळवील, याची मला भीती आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो. डॉ. नेत्रा यांनी येत्या सोमवारची सकाळ दिली आहे. आपले पत्र आले तरी आणि न आले तरी त्या सकाळी खंडू उपाशीपोटी, स्कूटरवर पुढे उभा राहून, अंबरनाथला जाणार आहे. सेठची सही नसली तर मालकाच्या जागी मी माझे नाव लिहीन आणि खाली माझी सही करीन. त्याबद्दल नोकरी गेली तर जाईल. मी कापड कापू शकतो, आणि आता फाडूही शकतो. खंडू रजेवर गेला की न सांगता गेला, एवढेच ठरवणे आपल्या हाती उरले आहे, आणि ते त्याच्या बाजूने ठरवावे, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र आणि सध्या डाव्या बाजूने जेवणारा,

(सही)
धर्मराज येसू गायकर

सोबत :
१) दंतवैद्यांचा दाखला.
२) डॉ. नेत्रा यांचा कागद, खंडूच्या जबड्याच्या एक्स-रेसह. उजेडात धरल्यास डोळ्याखाली पू दिसतो.
३) माझ्या दाढेचा तुटलेला निम्मा भाग, कागदाच्या पुडीत. उरलेला निम्मा जागेवर असून कामावर हजर आहे.
४) खंडूची दाढ आज जोडता आलेली नाही. सोमवारी निघाल्यावर समक्ष आणून सादर करीन. तेव्हा तोही सोबत असेल, तरी पहारेकऱ्यास तसे सांगून ठेवावे.